समुद्रापलीकडचा बाळंतविडा

फरीदाबादला आमच्या सेक्टरात कुणाकडे दिवस राहिले की पहिला निरोप जायचा टिपणिसांच्या साधनाकडे. डॉक्टरीण नंतर.

ती काही नर्स नव्हती आणि दाईही नव्हती. ट्रॅक्टरच्या कारखान्यात नकाशे काढणाऱ्या विश्वनाथरावांची बायको. मूळची पेणची. लग्न करून इकडे आली तेव्हा हिंदीत तिला ‘पानी’ आणि ‘नहीं’ एवढंच यायचं, भाजीवाल्याशी बोटांनी बोलायची. पण इथे सगळी नोकरीसाठी आलेली माणसं ना! कुणाची आई साताऱ्याला, कुणाची नागपूरला. आई यायची, पंधरा दिवस राहायची आणि परतीचं तिकीट काढलेलं म्हणून निघून जायची. मग ती पोर बाळाला मांडीवर घेऊन बाळाबरोबर आपणही रडत बसायची. तेव्हा साधना जायची. पदर खोचायची, पाटावर बसून पाय लांब करायची, बाळाला पायांवर पालथं घ्यायची आणि अशी न्हाऊ घालायची की ते आंघोळीतच डोळे मिटायचं. बाळंतिणीला शेक, बाळाला धुरी, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, सगळं तीच बघायची. अशी अकरा बाळंतपणं केली तिनं. अवनी, तुझ्या आईला, म्हणजे माझ्या लेकीला, पहिली आंघोळ तिनंच घातली, तेही लिही.

तिला स्वतःला एकच मुलगी, रेवती. रेवतीचं लग्न झालं ते श्रीरंगशी. त्याची नोकरी नव्या कंपनीतली. त्या वर्षांत सगळंच नवीन निघालं होतं बघ. गुडगावला काचेच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या, घरोघरी फोन आले, आणि कारखान्यांतली जुनी माणसं घरी बसली. विश्वनाथरावांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे निघायला लागले, तेव्हा त्यांना चार वर्षं आधीच हार घालून घरी पाठवलं. हार त्यांनी तिथेच ठेवला. ड्रॉइंगचा बोर्ड मात्र सायकलरिक्षात उभा धरून घरी घेऊन आले. आणि त्याच वर्षी श्रीरंगला कंपनीनं पाठवलं आफ्रिकेत, दार-ए-सलामला. रेवती गेली त्याच्याबरोबर, आणि वर्षाच्या आत तिला दिवस गेले.

आता पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण रेवतीला तिसऱ्या महिन्यात त्रास झाला आणि तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, विमानात अजिबात बसायचं नाही. दोन दिवस साधना नुसती घरभर आवरत राहिली. तिसऱ्या दिवशी उठली आणि माळ्यावरची मोठी सुटकेस खाली काढली.

‘‘अहो, मुलीला माहेरी येता येत नाही ना? मग माहेर यात भरायचं आणि तिकडे न्यायचं.’’

विश्वनाथराव म्हणाले, ‘‘वीस किलोत बसव म्हणजे झालं.’’

तेव्हापासून त्या घरात दुसरा विषय नव्हता. साधनानं आपल्या जुन्या वॉयलच्या साड्या काढल्या, धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या. तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड टोचतं, म्हणून त्याला जुनंच शिवायचं. त्याची झबली शिवली सहा, दुपटी चार, आणि एक कुंची, हिरव्या खणाची, तिच्या लग्नातल्या चोळीच्या उरलेल्या कापडाची. त्यावर मोत्यांची दोरी. असा बाळंतविडा. मग एक नंबर मार्केटात जाऊन पिवळी लोकर आणली आणि टोपरं, मोजे, स्वेटर विणायला घेतलं.

रेवतीचं पत्र आलं होतं, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आई, इथे थंडी नावालाही नाही. पंखा लावूनही घाम जात नाही. आमच्या दारात मोगरा आहे, तो बारा महिने फुलतो, नवल की नाही? येताना जास्त काही आणू नकोस. बाळासाठी छत्रीसारखी मच्छरदाणी आण, सुती कपडे आण आणि तू ये.

साधनाला हे पटेना. फरीदाबादची थंडी जिनं अठ्ठावीस वर्षं काढली, तिला बारा महिने उकाड्याचा देश कळायचा कसा? ‘‘पहाटे तरी गार पडत असेलच की,’’ म्हणायची आणि विणायची.

शेजारच्या चोप्राबाई भिंतीवरून वाकून बघायच्या. ‘‘भाभी, अफ्रीका में स्वेटर? किसको पहनाओगी, शेर को?’’

‘‘शेर के बच्चे को,’’ साधना म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

विश्वनाथरावांना रिकामपण खायला उठत होतं. त्यांनी काय करावं? सुटकेसची मापं घेतली, बोर्डावर कागद ताणला आणि चक्क सुटकेसचा नकाशा काढला. वरून कशी दिसेल, बाजूनं कशी दिसेल. कुठल्या कोपऱ्यात डिंकाच्या लाडवांचा डबा, कुठे आळीव, बाळंतशेपा, ओवा, वेखंड, कुठे बाळगुटीची पुडी. डाव्या हाताचा पुढचा कोपरा बाळाचा. तिथे त्यांनी कारखान्यातल्या त्या सरळ, छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलं, ‘कुंची १, झबली ६, दुपटी ४, टोपरे १, मोजे १ जोड, स्वेटर १, मच्छरदाणी १’. खाली उजवीकडे चौकट करून तारीख घातली, सही केली.

साधना म्हणाली, ‘‘इश्श, हे काय! सुटकेस आहे की ट्रॅक्टर?’’

‘‘ट्रॅक्टरचा एक बोल्ट विसरला तरी चालतो,’’ ते म्हणाले. ‘‘ह्यातलं काही विसरून नाही चालणार.’’

रेवतीचे दिवस भरणार होते नोव्हेंबरच्या मध्याला. साधनाचं तिकीट काढलं दसऱ्यानंतर तीन दिवसांचं. म्हणजे हाताशी चांगला महिना. सगळं कसं नेमकं बसलं होतं. राहिली होती फक्त पिवळ्या तापाची सुई. तिकीट काढून देणाऱ्यानं बजावलं होतं की ही सुई टोचून घ्या, त्याचं पिवळं कार्ड मिळेल, त्याच्याशिवाय जाता यायचं नाही. आणि सुई टोचल्यापासून दहा दिवस झाले की मगच ते कार्ड चालतं, त्याआधी नाही. सुई मिळायची दिल्लीला एका सरकारी दवाखान्यात, आठवड्यातून दोनच दिवस.

पासपोर्ट व्हिसासाठी गेलेला, त्याच्याशिवाय सुई देत नसत, आणि तो परत येईपर्यंत घट बसले. दुसऱ्या माळेला शुक्रवार होता आणि तोच सुईचा दिवस. तो चुकवून चालणार नव्हतं, दहा दिवसांचा हिशोब अगदी काठावर होता. साधनानं पहाटे दिव्यात तेल घातलं, चोप्राबाईंना म्हणाली, ‘‘मेरे दिये को देखना, बुझना नहीं चाहिए,’’ आणि दोघं बसनं दिल्लीला गेली.

दोन तास रांगेत गेले. नंबर आला. आतल्या बाईनं नाव लिहून घेतलं, वय बावन्न लिहिलं, आणि सवयीनं विचारलं, ‘‘अंडे से कोई तकलीफ तो नहीं होती?’’

साधनानं विचारलं, ‘‘क्यों?’’

‘‘माताजी, यह टीका अंडे में बनता है. इसलिए पूछना पड़ता है.’’

साधनानं वर केलेली बाही खाली घेतली.

विश्वनाथराव बाहेर उभे होते. त्यांना वाटलं, झालं. ती म्हणाली, ‘‘चला घरी. मी नाही घेतली.’’ कारण ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हातच लावला.

‘‘अगं, गेल्या रविवारी ऑम्लेट खाल्लंस की! आपलं मासे खाणारं घर!’’

‘‘गेल्या रविवारी घट नव्हते बसले.’’

‘‘खायचं नाहीये ते साधना, टोचायचंय!’’

‘‘अंगात तर जाणारच ना? मी बोललेय देवीला. रेवती सुखरूप सुटू दे, नऊ दिवस निव्वळ फळांवर राहीन, सोवळ्यात राहीन, दिवा विझू देणार नाही. बोलून बसलेय. आता दुसऱ्याच दिवशी मी अंगात अंडं घालून घरी जाऊ? आणि उद्या पोरीला काही झालं तर?’’

लोक बघत होते. विश्वनाथराव हळू आवाजात म्हणाले, ‘‘आज सुई नाही घेतली, तर तिकीट पुढे जाईल. बारा दिवसांनी.’’

‘‘जाऊ दे. बारा दिवसांनी काय होतंय? अजून सव्वा महिना आहे.’’

खरं सांगायचं तर त्यांनाही शेवटी तेच वाटलं. अकरा बाळंतपणं केलेली बाई. तिला कोण शिकवणार?

त्या संध्याकाळी रेवतीला फोन लावला. बाहेरदेशीचा फोन, आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू यायचा. साधनानं सगळं सांगितलं. रेवती म्हणाली, ‘‘बरं. नवस बोललीयेस तर राहू दे. बारा दिवस काय, जातील.’’

‘‘तब्येत कशी आहे?’’

‘‘तशी बरी आहे. अंग फार दुखतं. संध्याकाळी जरा कणकण वाटते.’’

‘‘दिवस भरत आले की अंग जड होतंच गं बाळा. थकवा आहे तो. लिंबूसरबत घे, पडून राहा.’’

‘‘हो. आई...’’

‘‘काय गं?’’

‘‘काही नाही. ये तू.’’

नऊ दिवस दिवा एकदाही विझला नाही. मधे लाइट गेली, वारा सुटला, साधना हाताचा आडोसा धरून बसून राहिली. दसऱ्याला सोनं लुटलं, घट हलवले. मग त्यानंतरच्या पहिल्या सुईच्या दिवशी दंड पुढे केला. हात सुजला, ताप आला, पण ती खुशीत होती. पिवळं कार्ड मिळालं. दहा दिवस मोजायला तिनं कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला घेतली. तिकीट आता पंचवीस तारखेनंतरचं.

सहा फुल्या झाल्या असतील. सकाळची वेळ. कबाडीवाला, म्हणजे आपला भंगारवाला, गल्लीतून ओरडत चालला होता, त्याला विश्वनाथरावांनी आत बोलावलं. त्याच्याकडे तो आकड्याचा काटा असतो ना, वर धरायचा आणि खाली वजन लटकवायचं, त्याच्यावर सुटकेस तोलायची होती. कबाडीवाल्यानं दोन्ही हातांनी काटा वर धरला, सुटकेस लटकली, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या.

‘‘साढ़े बाईस, माताजी. क्या भरा है, ईंटें?’’

‘‘अडीच किलो काढायला लागणार,’’ विश्वनाथराव म्हणाले. ‘‘लाडू कमी कर.’’

‘‘लाडवांना हात नाही लावायचा. बाळंतिणीला रोज दोन, सव्वा महिना, मी मोजून केलेत.’’

‘‘मग ते लोकरीचं काढ. पोरीनं सांगितलंय नको म्हणून.’’

‘‘तुमचा नकाशा तोला आधी. त्याचंच वजन असेल किलोभर.’’

कबाडीवाला हसला. सुटकेस अजून काट्यालाच लटकत होती, तेवढ्यात आत फोन वाजला.

विश्वनाथराव गेले. साधना बाहेरूनच बोलत होती, ‘‘रेवती असेल तर विचारा, तिकडे सुंठ मिळते का.’’ आतून काही आवाज येईना. म्हणून ती गेली. ते फोन कानाला धरून उभे होते आणि नुसतं ‘‘हं... हं...’’ म्हणत होते. तिनं हातातून फोन घेतला.

‘‘आई,’’ श्रीरंगचा आवाज. ‘‘रेवती बरी आहे. आधी ते ऐका, रेवती बरी आहे. तिला मलेरिया होता. कळलाच नाही आम्हाला. परवा ताप खूप चढला, आणि... वेळेआधीच झालं, आई. मुलगी होती. काल दिवसभर होती. आज पहाटे गेली.’’

ते ऐकताना साधनाला एकच आठवलं. कणकण. पंधरा दिवसांपूर्वी पोरीनं तिला सांगितलं होतं, कणकण वाटते. ती तिथे असती तर? कपाळाला नुसता हात लावला असता तरी तिला कळलं असतं. कणकण कुठली आणि थकवा कुठला, हे तिला फोनवरून नाही कळलं, पण हाताला कळलंच असतं. आणि पहिली सुई घेतली असती, तर ती आज सहा दिवस तिथे असती.

फोन ठेवून ती बाहेर आली. कबाडीवाला बिचारा सुटकेस खाली ठेवून उभा होता. ‘‘माताजी, क्या निकालना है? मैं फिर तोल देता हूँ.’’

विश्वनाथराव दारातून म्हणाले, ‘‘कल आना, भैया. कल.’’

दुपारपर्यंत सेक्टरातल्या बायका जमल्या. जिची जिची बाळंतपणं तिनं केली होती, त्या सगळ्या.  साधना सुटकेसपुढे जमिनीवर बसली होती. एकेक वस्तू बाहेर काढत होती. सहा झबली. चार दुपटी. पिवळं टोपरं, मोजे, स्वेटर. मच्छरदाणी, ती छत्री उघडून पुन्हा मिटली तिनं. खणाची कुंची काढली आणि मांडीवर ठेवून तिच्यावरून हात फिरवत राहिली.

‘‘दिवा एकदासुद्धा विझला नाही हो,’’ ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

चोप्राबाईंनी लाडवांचा डबा उचलून बाजूला ठेवला. ‘‘अब यह किसके लिए, भाभी...’’

साधनानं तो डबा त्यांच्या हातातून घेतला आणि परत सुटकेसमध्ये जिथला तिथे ठेवला.

‘‘बाळ गेलं,’’ ती म्हणाली. ‘‘बाळंतीण आहे ना माझी. तिचं कोण करणार? तिची कंबर दुखेल. तिला दूध येईल, चोप्राबाई. आज उद्यात येईल. त्याचं ती काय करेल तिकडे एकटी?’’

मग चोप्राबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि तोंडात ओढणी धरून रडल्या. त्यांनी मराठीतलं किती समजून घेतलं ते देव जाणे, पण सगळं समजलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी कबाडीवाला आला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. काटा वर धरला, बघितलं, आणि खूश होऊन म्हणाला, ‘‘अब ठीक है. पूरे उन्नीस.’’

एक किलो भरायला जागा होती. डाव्या हाताचा पुढचा कोपरा. विश्वनाथराव म्हणाले, ‘‘इथे चिवडा ठेवायचा का थोडा?’’

‘‘काही नको ठेवायला,’’ साधना म्हणाली.

दार-ए-सलामला उतरली तेव्हा अंगावर ओल्या घोंगडीसारखी हवा पडली. पोरीनं खरं लिहिलं होतं, थंडीचं नावही नव्हतं. श्रीरंग न्यायला आला होता, आठ दिवसांत वाळून गेलेला. घराच्या दारात मोगरा होता, कमरेएवढा, पांढरा झालेला. साधना आत गेली, रेवतीच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभी राहिली. ताप गेलेला होता.

रेवती म्हणाली, ‘‘आई, छाती फुटतेय गं माझी. कपडे भिजतात सारखे. डॉक्टर गोळ्या देतो...’’

साधना बाहेर गेली. पदरभर मोगरा खुडून आणला. मऊ सुती कापडात फुलं पसरली आणि ती पट्टी पोरीच्या छातीवर घट्ट बांधली. दूध आटायला मोगरा बांधतात. हे तिला तिच्या आजीनं शिकवलं होतं, पण अकरा बाळंतपणांत एकदाही करायची वेळ आली नव्हती. बारा महिने फुलणाऱ्या मोगऱ्याचं पत्र तिनं किती जणींना कौतुकानं वाचून दाखवलं होतं.

मग तिनं सव्वा महिना सगळं केलं. शेक दिला. रोज दोन लाडू. आळिवाची खीर. कंबर चोळून दिली. सुईचं ती पोरीपाशी एकदाच बोलली. म्हणाली, ‘‘मी तेव्हाच यायला हवं होतं.’’ रेवती म्हणाली, ‘‘मलाही वाटलं होतं गं, ये म्हणावं. पण तू नवस बोललेली.’’ त्यापुढे दोघींनी तो विषय काढला नाही. एकमेकींना दोष द्यायलाही बळ लागतं.

पण हे सगळं नंतरचं. पहिल्याच दिवशी, फुलं बांधून झाल्यावर, साधना स्वयंपाकघरात पाणी तापवत होती. रेवतीनं पलंगावर सुटकेस उघडून घेतली. डबे बाजूला केले, पुड्या बाजूला केल्या, तळापर्यंत हात घातला.

‘‘आई, बाळंतविडा कुठंय?’’

साधना दारात आली. ‘‘काढून ठेवला गं. तुला त्रास नको म्हणून...’’

‘‘सगळा?’’

‘‘हो.’’

‘‘कुंचीसुद्धा? फोनवर सांगितली होतीस ती? हिरवी?’’

साधनानं मान हलवली.

‘‘मला बघायची होती,’’ रेवती म्हणाली. ‘‘तिला इथल्या दवाखान्याच्या टॉवेलात गुंडाळलं होतं, आई. मी सारखी म्हणत होते, थांब, आजी आणतेय तुझं सगळं. तिचं म्हणून माझ्याकडे काहीच नाही गं. एक चिंधीसुद्धा नाही.’’

आणि तो कोपरा, डाव्या हाताचा, तिथे तिचा हात गेला. रिकामा. झाकणाच्या आतल्या कप्प्यात मात्र काही करकरलं. तिनं काढलं. चार घड्या घातलेला जाड कागद. विश्वनाथरावांनी तो तसाच ठेवला होता. बदलला नव्हता, खोडला नव्हता.

रेवतीनं कागद मांडीवर पसरला. बाबांचं अक्षर तिला लहानपणापासून पाठ. तिच्या वह्यांना कव्हर घालून असंच नाव लिहायचे ते. त्या कोपऱ्यावर बोट ठेवून तिनं वाचायला सुरुवात केली.

‘‘कुंची एक,’’ ती वाचत होती. ‘‘झबली सहा. दुपटी चार.’’

साधना येऊन तिच्याजवळ बसली.

‘‘टोपरं एक. मोजे एक जोड.’’ रेवती थांबली. ‘‘कसल्या रंगाचे होते गं?’’

‘‘पिवळे,’’ साधना म्हणाली. ‘‘पिवळ्या लोकरीचे. एवढुसे.’’ आणि तिनं अंगठा आणि बोट जरासं लांब धरून दाखवलं, एवढुसे.